वाचकांचे प्रश्न : अमली पदार्थांचे आकडे कसे वाचावेत?

गेल्या अंकात आम्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचा राज्यवार तक्ता छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, कारण दोन-तीन पत्रांमध्ये घरातले दुःख इतके उघडपणे लिहिले आहे की नाव छापणे योग्य झाले नसते.

प्रश्न : तक्त्यानुसार 2022 साली केरळमध्ये 26,619 गुन्हे नोंदले गेले आणि महाराष्ट्रात 13,830. केरळची लोकसंख्या आपल्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. मग व्यसनाच्या बाबतीत ते राज्य आपल्या सहा-सात पट पुढे गेले आहे, असे समजावे काय? (निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे. दर लाख लोकसंख्येमागे काढलेले प्रमाण केरळमध्ये खरोखरच सहा-सात पट भरते. मात्र तो आकडा व्यसनाचा नाही. केरळचाच आधीच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून पाहा. 2021 साली तेथे सुमारे 5,700 गुन्हे नोंदले गेले होते आणि पुढच्याच वर्षी ते साडेचार पटींहून अधिक झाले. बारा महिन्यांत एखाद्या राज्यातले व्यसनी साडेचार पट होत नसतात. 2022 मध्ये केरळ सरकारने आणि पोलिसांनी अमली पदार्थांविरुद्ध राज्यव्यापी मोहीम हाती घेतली होती, आणि तिचे प्रतिबिंब या आकड्यांत पडले आहे.

याचे मूळ या गुन्ह्याच्या स्वरूपातच आहे. घरफोडी झाली की घरमालक आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात जातो आणि फिर्याद देतो. गांजा ओढणारा आणि त्याला पुडी विकणारा यांच्यापैकी कोणीही फिर्याद द्यायला जात नाही. पोलिसांनी गस्त घातली, खबर मिळवली, झडती घेतली, तरच गुन्हा जन्माला येतो. त्यामुळे या कायद्याखालील नोंदींची संख्या प्रथम पोलिसांच्या कामाचे माप असते आणि व्यसनाचे माप फार अप्रत्यक्षपणे असते. 2020 साली टाळेबंदीच्या काळात देशभरातला हा आकडा 2019 च्या तुलनेत बराच खाली आला होता, आणि 2022 मध्ये तो 1,15,236 वर पोहोचला. या चढउताराला लोकांच्या सवयींपेक्षा रस्त्यावरचा बंदोबस्त आणि मोहिमा अधिक कारणीभूत आहेत, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट तक्ता वाचताना सहज निसटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग या गुन्ह्यांचे दोन भाग करतो : स्वतःच्या सेवनासाठी जवळ बाळगणे आणि विक्री-वाहतुकीसाठी जवळ बाळगणे. एखाद्या राज्याची एकूण बेरीज फुगलेली दिसली तर आधी हे दोन स्तंभ वेगळे करून पाहावेत. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांमधील 2017 आणि 2018 सालच्या दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने अभ्यास केला, तेव्हा त्यांतली जवळजवळ सगळी प्रकरणे वैयक्तिक सेवनाची निघाली आणि त्यांतही बहुतेक गांजाची. एखादी साखळी मोडून काढल्याच्या बातमीमागे आणि वाढलेल्या गुन्हेसंख्येमागे वेगवेगळी माणसे असू शकतात, हे या अभ्यासातून दिसते.

व्यसनाचे प्रमाण पाहायचे असेल, तर सर्वेक्षणाकडे वळावे लागते. दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले सर्वेक्षण फेब्रुवारी 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 186 जिल्ह्यांतील दोन लाखांहून अधिक घरांना भेटी देऊन 10 ते 75 वयोगटातील 4,73,569 जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. हेरॉईनवर अवलंबून असलेला माणूस घरी भेटतोच असे नाही, आणि भेटला तरी दारात आलेल्या अनोळखी व्यक्तीला खरे सांगतोच असेही नाही. म्हणून अशा व्यक्तींनी आपल्या ओळखीच्या दुसऱ्यांना पुढे आणायचे, अशी साखळी पद्धत वापरून सुमारे 70 हजार जणांकडून वेगळी माहिती गोळा केली गेली. देशात त्या वेळी गांजा, भांग, चरस यांचे सेवन करणारे 2.8 टक्के, अफू, हेरॉईन किंवा तत्सम औषधी द्रव्ये घेणारे 2.1 टक्के आणि मद्य घेणारे 14.6 टक्के होते. अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे 77 लाख निघाली. मद्याच्या बाबतीत ती 5.7 कोटी होती. गुन्ह्यांच्या तक्त्याला मद्याची ही बाजू दिसत नाही.

प्रश्न : वादविवाद स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने 'पंजाबातील सत्तर टक्के तरुण व्यसनी आहेत' असे ठामपणे सांगितले आणि टाळ्या घेतल्या. हा आकडा कुठून आला? (विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : हा आकडा देशाच्या राजकारणात आणि वर्तमानपत्रांत अनेक वर्षे फिरतो आहे. त्याचे मूळ अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील एका समाजशास्त्रीय अभ्यासात असल्याचे सांगितले जाते. त्या अभ्यासात पाहणीसाठी निवडलेल्या 600 व्यक्ती मुळातच व्यसनी होत्या आणि त्यांच्यापैकी सुमारे 73 टक्के 16 ते 35 या वयोगटातल्या होत्या. याचा अर्थ इतकाच की व्यसनी लोकांपैकी बहुसंख्य तरुण होते. हातोहाती फिरताना वाक्य उलटे झाले आणि 'तरुणांपैकी सत्तर टक्के व्यसनी' असे बनले.

ही चूक किती मोठी आहे, ते घरच्या उदाहरणाने पाहू. एखाद्या गावातल्या कबड्डी संघात दहापैकी सात खेळाडू विशीतले असतील. त्यावरून गावातल्या विशीतल्या दहा मुलांपैकी सात जण कबड्डी खेळतात, असे आपण कधी म्हणू काय? छेद बदलला की विधान बदलते, आणि भाषण करताना छेद कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पंजाबात अफूवर्गीय पदार्थांचा प्रश्न गंभीर नाही, असे मात्र मी म्हणत नाही. 2015 साली तेथील दहा जिल्ह्यांत केलेल्या पाहणीवरून सुमारे 2 लाख 32 हजार जण अशा पदार्थांवर अवलंबून असल्याचा अंदाज काढण्यात आला. राज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 77 लाख होती. सव्वादोन लाखांहून अधिक माणसांची ही हानी भयंकर आहे, आणि ती सांगायला फुगवलेल्या टक्केवारीची गरज नाही. उलट खोट्या आकड्याने एका संपूर्ण पिढीवर शिक्का बसतो. पंजाबातून पुण्या-मुंबईला शिकायला आलेल्या मुलांना भाड्याने खोली देताना घरमालकांनी विचारलेले प्रश्न मी स्वतः ऐकले आहेत. पुढच्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला एवढेच विचारा : 'सत्तर टक्के, पण कशाच्या?'

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. मित्रांबरोबर बसला असताना त्याच्या खिशात आठ ग्रॅम गांजा सापडला. शेजारचे म्हणतात, या कायद्यात दहा वर्षांच्या आत सुटका नाही. मला झोप लागत नाही. (एक आई, पुणे)

उत्तर : ताई, शेजाऱ्यांनी सांगितलेली दहा वर्षे आपल्या मुलाला लागू होत नाहीत. ती का, हे सविस्तर सांगतो.

1985 चा मूळ कायदा कठोर होता आणि त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. लोकांच्या मनात तोच कायदा अजून बसला आहे. 2001 मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि शिक्षा पदार्थाच्या वजनाशी जोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने प्रत्येक पदार्थाची 'अल्प मात्रा' आणि 'व्यापारी मात्रा' ठरवणारा तक्ता काढला. गांजासाठी अल्प मात्रेची मर्यादा 1 किलो आणि व्यापारी मात्रेची 20 किलो आहे. चरसासाठी त्या 100 ग्रॅम आणि 1 किलो, हेरॉईनसाठी 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम, तर कोकेनसाठी 2 ग्रॅम आणि 100 ग्रॅम आहेत. अल्प मात्रेसाठी जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मधल्या मात्रेसाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. व्यापारी मात्रेसाठी मात्र किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी असून दंड किमान एक लाख रुपये आहे. गांजाच्या निव्वळ सेवनाबद्दल कलम 27 खाली जास्तीत जास्त सहा महिने शिक्षा होते. जामिनाबाबत ज्या कलम 37 ची धास्ती असते, त्याच्या कठोर अटी मुख्यतः व्यापारी मात्रेला लागू होतात, अल्प मात्रेला लागू होत नाहीत.

कलम 64-अ बद्दल वकिलांना आवर्जून विचारा. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्या कलमाखाली तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते. न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतरही कलम 39 खाली व्यसनी व्यक्तीला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडण्याची सोय आहे. पुण्यात मुक्तांगणसारखे केंद्र 1986 पासून काम करते आहे, आणि 14446 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर निःशुल्क सल्ला मिळतो. मुलाला खरोखर व्यसन आहे की तो त्या दिवशी नुसता बसला होता, हे मात्र आधी त्याच्याशी शांतपणे बोलून समजून घ्या. दोन्ही परिस्थितींत वाट वेगळी आहे.

या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी वजनाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण शिक्षेचा सगळा डोलारा वजनावर उभा आहे. पंचनाम्यात 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, बिया व काड्या असलेला पदार्थ, वजन अमुक' असे वाक्य हमखास भेटते. कायद्यात मात्र गांजा म्हणजे गांजाच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे आहेत. शेंडे सोबत नसतील तर नुसत्या बिया आणि पाने त्यात येत नाहीत. साधारण 20 किलोच्या आसपास माल सापडला असेल तर देठ, माती आणि ओलावा किती, या प्रश्नावर आरोपीच्या आयुष्यातली दहा वर्षे अवलंबून असतात. मुद्देमालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढण्याची कलम 52-अ मधली तरतूद यासाठीच महत्त्वाची आहे, आणि अनेक खटले तिथेच ढासळतात.

भेसळीचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. मायकल राज यांच्या खटल्यात सुमारे चार किलो पावडर पकडली गेली होती. प्रयोगशाळेत तिच्यातले हेरॉईन दीड टक्क्याच्या आसपास निघाले, म्हणजे शुद्ध माल साधारण 60 ग्रॅम होता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पदार्थाचेच वजन धरावे असे म्हटले आणि त्याची शिक्षा कमी झाली. एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला आणि भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे ठरवले. त्यामागे युक्तिवाद असा होता की रस्त्यावर पदार्थ भेसळीतच विकला जातो आणि तीच भेसळ लोकांचा जीव घेते. हा युक्तिवाद वजनदार आहे, हे मी मान्य करतो. तरीही 300 ग्रॅमच्या पुड्यात 2 टक्के हेरॉईन, म्हणजे 6 ग्रॅम, सापडलेल्या फेरीवाल्याला आणि 300 ग्रॅम जवळजवळ शुद्ध हेरॉईन आणणाऱ्या व्यापाऱ्याला किमान दहा वर्षांची तीच शिक्षा होते. ही गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि एकाच वर्षात नियम बदलला की शिक्षांच्या आकड्यांची जुन्या वर्षांशी तुलनाही करता येत नाही.

प्रश्न : एनडीपीएस खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण इतर गुन्ह्यांच्या मानाने चांगले दिसते. मग कडक शिक्षेचा धाक बसला, असे म्हणता येईल काय? (विधी शाखेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : दोन स्वतंत्र प्रश्न आपण एकत्र केले आहेत. दोषसिद्धीचे प्रमाण त्या वर्षी ज्या खटल्यांचे कामकाज पूर्ण झाले, त्यांच्यावरून काढतात. त्या वर्षी नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ते काढत नाहीत. सेवनाच्या छोट्या प्रकरणांत आरोपी गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि सुटतो, त्यामुळे अशी प्रकरणे झटपट निकाली निघतात व टक्केवारी उंचावते. व्यापारी मात्रेचे खटले वर्षानुवर्षे चालतात आणि त्या वर्षाच्या छेदात येतच नाहीत. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 न्यायाधीन बंदी होते, म्हणजे दर चारांत तीन जणांचा निकालच लागलेला नव्हता. मोहम्मद मुस्लिम यांच्या खटल्यात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खटल्याच्या अवाजवी विलंबासाठी जामीन द्यावा लागला, ही गोष्ट आपण अभ्यासली असेलच.

धाकाबद्दल जगभरच्या अभ्यासकांचे बऱ्याच अंशी एकमत झालेले आहे. शिक्षा किती लांब आहे यापेक्षा आपण पकडले जाऊ, याची खात्री माणसाला अधिक रोखते. आपल्याकडे या कायद्याच्या परिणामाची अशी तपासणी करणे अवघड जाते, कारण आपल्याकडे शिक्षेची माहिती पद्धतशीरपणे गोळा करणारी यंत्रणाच नाही. अमेरिकेत 1984 च्या कायद्याने शिक्षा आयोग स्थापन झाला, आणि त्यांच्याकडे प्रत्येक फेडरल शिक्षेची नोंद असते. त्या नोंदींमुळेच पावडर कोकेनच्या तुलनेत क्रॅकला (कोकेनच्याच ओढण्याजोग्या खड्यांना) शंभरपट कठोर ठरवणारे 1986 चे गुणोत्तर प्रत्यक्षात काळ्या नागरिकांवर कसे पडले, ते दाखवता आले. 2010 मध्ये ते गुणोत्तर 18 वर आणले गेले. आपल्याकडे न्यायमूर्ती मळीमठ समितीने 2003 मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत असे सुचवले होते, आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशी तत्त्वे नसल्याची नोंद घेतली. तरी परिस्थिती बदललेली नाही.

मृत्युदंडाचा इतिहास आपल्या मुंबईत घडलेला आहे. 1989 च्या दुरुस्तीने ठरावीक प्रमाणाच्या पुढचा गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्याला मृत्युदंड सक्तीचा केला होता. जून 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती मान्य केली नाही आणि शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाला परत दिला. 2014 मध्ये संसदेने कायद्यातच तसा बदल केला. किमान शिक्षेखाली उतरण्याचा अधिकार मात्र व्यापारी मात्रेच्या प्रकरणांत आजही न्यायाधीशांना नाही, आणि माझ्या मते संशोधनाची खरी जागा तिथे आहे.

प्रश्न : तुरुंगात समुपदेशन करताना आम्हाला दिसते की निम्म्याहून अधिक कैदी कसल्या ना कसल्या नशेत होते. नशेमुळे गुन्हा घडतो, हे यावरून सिद्ध होत नाही काय? (समाजकार्यकर्ती, नागपूर)

उत्तर : आपले निरीक्षण मोलाचे आहे, पण तुरुंगातल्या माणसांवरून बाहेरच्या माणसांबद्दल बोलताना पंजाबच्या आकड्यात झालेलीच चूक होण्याची भीती असते. नशा करणारे बहुसंख्य लोक कधी तुरुंगात जात नाहीत, त्यामुळे ते आपल्या पाहणीत येत नाहीत. पॉल गोल्डस्टीन या संशोधकाने 1985 मध्ये केलेली विभागणी आपल्या कामात उपयोगी पडेल. त्याने नशा आणि हिंसा यांचे तीन संबंध सांगितले. पहिल्यात पदार्थाच्या प्रत्यक्ष परिणामाखाली मारहाण होते. दुसऱ्यात पदार्थासाठी पैसे हवेत म्हणून चोरी किंवा लूट होते. तिसऱ्यात बेकायदा बाजारातल्या उधारी-वसुलीच्या आणि हद्दीच्या भांडणांतून हिंसा होते. आपल्या नोंदवहीत प्रत्येक बंद्यासमोर 'नशा होती' एवढेच न लिहिता ही तीन खाती केली, तर पहिल्या खात्यात दारू आणि तिसऱ्यात मालाचा व्यापार दिसेल, असा माझा अंदाज आहे. पहिल्या खात्यावरचा उपाय उपचार हा आहे, तिसऱ्यावर तो चालणार नाही.

एम्सच्या त्याच सर्वेक्षणात असे आढळले की मद्यावर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेही उपचार मिळाले होते, आणि बेकायदा पदार्थांच्या बाबतीत 20 जणांपैकी एकाला. आपण भेटता त्यांच्यापैकी किती जणांना अटकेच्या आधी कोणी उपचारांविषयी विचारले होते, हा प्रश्न आपल्या नोंदवहीत जरूर असू द्या.

प्रश्न : 'अमुक हजार कोटींचे ड्रग्ज जप्त' अशा बातम्यांवरून पुरवठा वाढला की घटला, ते कसे ओळखावे? (दुकानदार, बार्शी)

उत्तर : त्यावरून ओळखता येत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून जवळपास तीन हजार किलो हेरॉईन सापडले आणि त्या वर्षीची हेरॉईन जप्तीची रेषा एका छाप्याने आकाशाला भिडली. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून आणि इतर ठिकाणांहून पकडलेल्या मेफेड्रोनने ('एमडी' या नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम अमली पदार्थाने) तेच केले. पुढच्या वर्षी जप्ती कमी झाली, तर व्यापार घटला, मार्ग बदलला की गस्त कमी झाली, हे किलोंवरून कळणार नाही. कोटींचा आकडा तर बाजारभावाच्या अंदाजाने काढलेला असतो, म्हणून मी बातमीतला रुपयांचा आकडा सोडून देतो आणि तीन गोष्टी शोधतो : प्रयोगशाळेने सांगितलेली शुद्धता, अटक झालेल्यांची कारखान्यापासून नाक्यापर्यंतच्या साखळीतली जागा, आणि रस्त्यावर पुडीचा भाव महिन्याभराने चढला की तोच राहिला. बातमीत भावाचा उल्लेख क्वचितच असतो. आपल्या तालुक्यातल्या पत्रकाराला तो विचारून पाहा.